बाईसाहेबांची दाढ

डोळ्याखाली सूज आली होती, म्हणून आम्ही डोळ्यात औषध घातलं. यात आमचं काय चुकलं, सांगा बघू. माणसाचा डोळा सुजला तर कोणी त्याचे दात बघायला जातं का?

थांबा, आधी कुत्रीचं सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे गोंधळाल. जव्हारला आमची पिठाची गिरणी आहे. ती मी चालवते. आमचे हे एसटीत कंडक्टर होते आणि जव्हार-खोडाळा ही फेरी त्यांच्या अंगवळणी पडलेली. निवृत्त झाले, पण मन काही त्या गाडीतून उतरेना. मधूनच 'जरा जाऊन येतो' म्हणायचे आणि स्वतःच्याच जुन्या गाडीत तिकीट काढून बसायचे. गेल्या थंडीत असेच गेले. मी येताना वालाच्या शेंगा आणायला सांगितल्या होत्या. हे आले ते कोणाच्या तरी टेम्पोतून, हातात सुतळी आणि सुतळीच्या टोकाला कुत्री.

"शेंगा कुठायत?" मी विचारलं.

"अगं, बघवेना," हे म्हणाले.

खोडाळ्याच्या अलीकडे एक पाडा आहे. तिथे एका बंद घराच्या ओट्यावर ही बसलेली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. सगळा पाडाच बंद होता. उन्हात एक म्हातारा बसला होता, त्याला यांनी विचारलं, कोणाची हो ही? त्याने हात हलवला. तो हात म्हणजे 'न्या' की 'मला काय माहीत' की 'माशी बसली होती', देव जाणे. यांनी 'न्या' असा अर्थ काढला.

मला कुत्र्यांचा पुळका नाही, हे आधीच सांगून टाकते. गिरणीत पीठ सांडलेलं असतं, गावातली कुत्री आत तोंड घालतात, आणि मी झाडू भिरकावते. माझा नेम चांगला आहे. पण ही आली ती माझ्याकडे न बघता सरळ पोत्यांच्या बाजूला उंबऱ्याशी बसली, जणू जागा ठरवूनच आली होती. झाडू हातात होता, पण उचलवेना. "या बाईसाहेब," मी म्हटलं, "बसा, चहा टाकते." तेव्हापासून ती बाईसाहेब.

पहिल्याच संध्याकाळी मी नागलीची भाकरी कुस्करून पुढे ठेवली. शेपूट हलवत आली, वास घेतला, एक तुकडा उचलला, मान वाकडी करून तोंडाच्या एका बाजूने चावायला गेली आणि टाकून दिला. वर माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी केलंय. मला राग आला. अहो, अख्खं जव्हार माझ्या गिरणीचं पीठ खातं, आणि या बयेला माझी भाकरी चालेना! दुसऱ्या दिवशी कोंबडीची हाडं घातली. ती एकेक उचलून मागच्या कोंड्याच्या ढिगात पुरून आली. हे म्हणाले, "उद्यासाठी ठेवतेय." तिसऱ्या दिवशीही तेच. कोंड्यात पतपेढी उघडली होती बाईसाहेबांनी, खातं मात्र रिकाम्या पोटाचं.

पातळ काही दिलं तर चाटायची, तेही सावकाश, मध्ये थांबून. अर्धं ठेवायची. यांचं म्हणणं, तिला तिच्या घराची आठवण येते. माझं म्हणणं, नखरे आहेत, दोन दिवस लक्ष देऊ नका, झक मारत खाईल. लक्ष दिलं नाही. तिने काही खाल्लं नाही. मग मीच गुपचूप भात मऊ करून दुधात कालवला, आणि हे बघतायत म्हटल्यावर 'सांडलं होतं' असं सांगितलं.

मग एक दिवस उजव्या डोळ्याखाली सूज दिसली. आधी सुपारीएवढी, मग वाढत गेली आणि डोळा अर्धा मिटायला लागला. गिरणी म्हणजे काय, डबा घेऊन आलेला प्रत्येक माणूस दळण होईपर्यंत डॉक्टर असतो. एकाने सांगितलं, गांधीलमाशी चावली. दुसऱ्याने सांगितलं, काटा घुसलाय. यांनी मेडिकलमधून डोळ्यात घालायचे थेंब आणले. मी मान धरायची, हे थेंब टाकायचे, आणि थेंब दोघांच्या तोंडावर. एक ओळखीच्या आजी म्हणाल्या, नजर आहे, इतकी गुणी कुत्री दारात बसवाल तर काय होणार? मी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. बाईसाहेब शिंकल्या, मी खोकले, सूज तशीच. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ना, तसं आमचं चाललं होतं, फक्त ते आम्हाला माहीत नव्हतं.

त्यात लाळ गळायला लागली. गार पाण्याला तोंड लावलं की झटका बसल्यासारखी मागे व्हायची. एक दिवस दळणाच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, "पाण्याला घाबरते? मग पिसाळली असेल." झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक डबे रस्त्यावर ठेवून लांबून हाका मारू लागले. कोणी म्हणालं, बांधून ठेवा. कोणी म्हणालं, शिरपामाळाकडे नेऊन सोडा, तिथे फिरायला येणारे लोक काहीबाही खायला घालतात. मी त्याला म्हटलं, "तुला नेऊन सोडू का?" तोंडाने म्हटलं, पण खोटं कशाला सांगू, मी तिला घाबरले. पाणी ठेवताना ताटली काठीने सरकवायला लागले. ती ताटलीकडे बघायची नाही, काठीकडे बघायची.

यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरात पाहुण्यासारखा वावरत होता. ही आल्यापासून सकाळी उठून तिला फिरवून आणायला लागला होता, वाटेत भेटेल त्याला 'आमची कुत्री' म्हणून सांगायला लागला होता. "तिथे होती तर जगली तरी होती," एक दिवस म्हणाले. "मी आणली आणि आपल्या दारात मेली तर?" त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच, हिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. गाय नाही, म्हैस नाही, एका मोकाट कुत्रीसाठी माझा जीव टांगणीला लागावा, याचंच मला नवल वाटत होतं.

जनावरांचे सरकारी डॉक्टर लसीकरणासाठी गावोगाव फिरत होते. सापडले तेव्हा यांनी त्यांना अक्षरशः गाडीवर बसवून आणलं. डॉक्टरांनी डोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला. असा वास आला की मी पदर नाकाला लावला.

"काकू, डोळा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "दाढ फुटलीय. मुळाशी पू झालाय. कुत्र्याच्या या दाढेचं मूळ इथे, डोळ्याखाली येतं."

"आणि पाण्याला घाबरते ते?"

"किडक्या दाढेवर गार पाणी घेऊन बघा तुम्ही."

मी कपाळाला हात लावला. इतके दिवस आम्ही डोळ्यात थेंब टाकत होतो, दृष्ट काढत होतो, आणि दुखत होतं तिसरीकडेच! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की गोळ्यांनी सूज उतरेल, पण दाढ काढावीच लागेल, त्यासाठी भूल द्यावी लागते, ती सोय इथे नाही, नाशिकला न्या.

गोळ्यांनी सूज उतरली. बाईसाहेबांनी भाकरी खाल्ली. यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी होतं. आता नाशिक कशाला, असं आम्ही दोघंही म्हणालो. बरी झालेली कुत्री घेऊन एवढ्या लांब जायचं म्हणजे लोक हसतील. गोळ्या संपल्या आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा अन्नाशी बसून नुसती रडायला लागली. सूज आधीपेक्षा मोठी. आता मात्र मी गिरणी बंद ठेवली, पाटी लावली, आणि ओळखीच्याची जीप सांगितली.

मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला पोचलो. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला फटकळ. भूल दिल्यावर आम्हाला बाहेर बसवलं. शेजारी एक गुबगुबीत पांढरं कुत्रं स्वेटर घालून बसलं होतं. हे त्याच्या स्वेटरकडे बघत होते, पण दिसत काहीच नव्हतं त्यांना. "उठेल ना गं?" असं मला परत परत विचारत होते. मला तरी काय माहीत? मी "उठेल" म्हणत होते आणि मनातल्या मनात घाबरत होते.

उठली. डॉक्टरने दाढ कापसाच्या बोळ्यावर ठेवून दाखवली. वरपासून मुळापर्यंत उभी चिरलेली. "एवढी एकच नाही," ती म्हणाली. "पुढचे सुळे अर्धे झिजलेत. खालच्या दोन दाढांचे टवके उडालेत. ही रोज काहीतरी कठीण चावतेय. लोखंडासारखं काहीतरी. साखळीला बांधता का तुम्ही?"

माझं डोकंच फिरलं. "बांधतो? आम्ही? बाई, आमच्या घरात साखळी औषधालाही नाही. सुतळी आहे, तीही पोत्याची!"

"मग काय चावते ते शोधा," ती शांतपणे म्हणाली. "ते थांबलं नाही तर उरलेले दातही जातील. मग खाणार काय?"

परतीच्या वाटेवर मी तेच घोकत होते. आमच्याकडे तर तिने काठीसुद्धा चावली नव्हती. चपला नाहीत, पोती नाहीत. हे म्हणाले, "जाऊ दे, झालं ते झालं." मी म्हटलं, काय जाऊ दे? ते कळल्याशिवाय मी घरी जात नाही. मोखाड्याहून खोडाळ्याला वळायला लावलं.

पाड्याच्या वळणाला भुलीच्या गुंगीत पडलेली बाईसाहेब एकदम उठून बसली. अंगभर थरथरत होती. मला वाटलं, औषध बाधलं. जीप थांबली आणि मला समोर दिसलं, ते घर उघडं होतं. कौलांतून धूर येत होता. एक बाई अंगण सारवत होती.

घर बंद म्हणजे माणसं वीटभट्टीवर, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडे जातात, माझं दळण निम्म्यावर येतं. शिमग्याला माणसं घरी येतात, शिमगा करून परत जातात, ती पावसाच्या तोंडावर दिवाळीपर्यंत राहायला येतात. हे सगळं मला पाठ आहे. तरी त्या ओट्यावरच्या कुत्रीला कोणी माणूस असेल आणि तो परत येईल, हे ना यांच्या डोक्यात आलं ना माझ्या. शिमगा चार दिवसांवर आला होता.

कुत्री यांच्या हातातून निसटली आणि धडपडत त्या बाईकडे गेली. बाईचे हात शेणाने भरलेले. ती खाली बसली, हात लांब धरले, आणि कुत्रीने सगळं अंग तिच्या मांडीत घातलं. जो आवाज काढला तो मी आमच्याकडे कधी ऐकला नव्हता.

"कुठं होतीस गं?" बाईने विचारलं. आम्हाला नाही, कुत्रीला.

हे पुढे झाले आणि बोलायला लागले. आम्हाला वाटलं, तो म्हातारा म्हणाला, म्हणजे म्हणाला नाही, हात केला. सगळी बस ओरडून गप्प करणारा माणूस, पण त्याला शब्द सापडेना. बाई ऐकत होती. मग म्हणाली, "आमी मेली समजलो. वहाळात पन बघून आलो." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

कुठे बघावं ते कळेना म्हणून मी दाराकडे बघितलं. दाराची खालची फळी कुरतडून अर्धचंद्रासारखी झाली होती. त्यावर लोखंडी पट्टी ठोकली होती आणि पट्टीची कड वाकलेली, चकाकत होती, रोज घासल्यासारखी.

"हे काय?" मी विचारलं.

"हिचंच काम," बाई म्हणाली. "आमी भट्टीवर गेलो का हितंच बसतं. आमी आत हाव असं वाटतं हिला. दार खाऊन आत जाया बघतं. मागल्या साली दिराकडं ठेवली, तिथून पन पळून हितं आली. दार पार गेलं असतं, म्हणून घरवाल्यानं ह्या दिवाळीला पट्टी मारली."

मी डॉक्टरकडून मागून घेतलेल्या दाढेचा बोळा पिशवीतून काढला आणि तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ दाढ बघत राहिली. मग पट्टीकडे बघितलं. "दार वाचवाया मारली," ती म्हणाली, आणि कुत्रीच्या कानावरून शेणाचा हात फिरवला.

मग ती हात धुऊन आत गेली आणि जर्मनच्या ताटलीत कोमट पेज घेऊन आली. कुत्रीने ताटली चाटून पुसून लख्ख केली. इतके दिवस मी दूधभात, वरणभात, काय काय केलं होतं, अर्धं ठेवायची. मला आनंद झाला, आणि असूयाही वाटली. भांडावं तर कोणाशी? मी म्हटलं, "तुमची कुत्री आहे, ठेवा. टाके आहेत, महिनाभर मऊच घाला." हे जीपच्या टायरकडे बघत होते.

बाई कुत्रीच्या पाठीवरच्या पिसवा काढत बसली. मग म्हणाली, "शिमगा झाला का आमी परत जानार. शेठ कुत्रं आनू देत नाय." आणि थोड्या वेळाने मला विचारलं, "तुमच्या घराला कुलूप लागतं का?"

"गिरणी आहे बाई. दिवसभर माणसांची ये-जा. कुलूप कुठे पडलंय तेही आता आठवत नाही."

तिने मान हलवली. "मंग न्या. पन आज नको, शिमगा होऊ द्या. आनि मी कुलूप लावाच्या आधी न्या. तिला दिसाय नको."

धुळवडीनंतर, ती सांगेल त्या दिवशी आम्ही गेलो. गाठोडी तिने घरामागे ठेवली होती. घरवाला आधीच सडकेला टेम्पोकडे गेला होता. दार सताड उघडं. बाई उंबऱ्यात सूप घेऊन पाखडत बसली होती, जशी रोज बसत असेल. आमच्याकडे फारसं बघितलं नाही. "जा गं, फिरून ये," एवढंच कुत्रीला म्हणाली. यांनी पुढे चालायला सुरुवात केली आणि ती यांच्या मागे निघाली, सुतळीसुद्धा लावावी लागली नाही.

वळणावर थांबली. मागे वळून घराकडे बघत राहिली. हे हाक मारायला गेले, मी त्यांचा दंड धरला. बघू दे तिला. आम्ही तिला वाचवत होतो की फसवत होतो, मला तेव्हाही कळलं नाही आणि आज ती गिरणीच्या उंबऱ्याशी भाकरी चावत असते तेव्हाही नीटसं कळत नाही. घर उघडं होतं, बाई दारात होती, सूप वर-खाली होत होतं. कुत्रीचं समाधान झालं. ती वळली आणि आमच्या पुढे चालायला लागली.

मी मात्र अजून तिकडेच बघत होते. तेवढ्या लांबूनही मला दिसत होतं, सूप रिकामं होतं.